दातांच्या फटी : दोरा बरा की पाण्याचे मशीन?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी "दात" असं सांगितलं. दोघे-तिघे हसले. वर्धापनदिनाला लोक संविधानावर बोलतात, शिक्षणावर बोलतात, आणि हा गिरणीवाला दातांवर काय बोलणार? मी म्हणालो, हसा, हसताना दात दिसतात, तेवढ्यात मोजून घेतो.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या विहारात दात तपासणीचे शिबिर झाले तेव्हा नावं लिहायला मी टेबलावर बसलो होतो. तपासणारी मुलगी तोंडात आरसा घालायच्या आधीच आपल्या बाया सांगत होत्या, "डॉक्टर, ब्रश केला की रक्त येतं, म्हणून मी ब्रशच बंद केला." एक नाही, अशा कितीतरी. वय चाळीस, पंचेचाळीस. त्यातल्या एका काकूंच्या खालच्या पुढच्या चार दातांना बोट लावलं तरी ते हलत होते. काकू म्हणाल्या, काढून टाका सगळे, एकदाची कटकट मिटेल. आपल्याकडे दाताचा इलाज म्हणजे दात काढणे. रोजंदारीवरच्या माणसाला दोन वेळा डॉक्टरकडे जायला दोन खाडे पडतात. काढायला एकच खाडा. हा हिशोब मला कळतो. पण दात गेल्यावर भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी येते, चण्याचा दाणा चावत नाही, पेरू चावत नाही, आणि माणूस पन्नाशीतच म्हातारा दिसायला लागतो.

आता मशीनचं कसं निघालं ते सांगतो. आपल्याच गल्लीतल्या एका मुलाने पहिल्या पगारातून आईला एक यंत्र आणून दिलं. वॉटर फ्लॉसर म्हणतात त्याला. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलं. हातात धरायचं, टाकीत पाणी भरायचं, बटण दाबलं की बारीक नळीतून पाण्याची धार सुटते आणि दातांच्या फटी धुऊन निघतात. शेजारचे भाऊ म्हणाले, काय पैसे पाण्यात घालतोस! दुकानात दोऱ्याची डबी मिळते, तेच काम करते. झालं, गल्लीत दोन पक्ष पडले. मला दोन्हीकडून विचारणा झाली, कारण पुस्तकं चाळायची माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे. आणि दुसरं कारण असं की दोरा हा माझा विषय आहे. रिंग फ्रेमवर आयुष्य काढलं. सुताचा पीळ बोटाने ओळखतो.

आधी मूळ मुद्दा समजून घेऊ. दात म्हणजे खोक्यासारखा धरा. पुढची बाजू, मागची बाजू आणि चावायची बाजू, या तिन्हीवर ब्रश पोचतो. पण दोन बाजू शेजारच्या दातांना चिकटलेल्या असतात. तिथे ब्रशचा केस पोचत नाही. कितीही घासा, कितीही महाग पेस्ट लावा. दाताचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग असा ब्रशविना राहतो. आणि तिथेच जंतूंचा एक चिकट पापुद्रा बसतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. हा पापुद्रा नुसत्या चूळ भरण्याने जात नाही. पाण्याच्या पिंपाला आतून जो बुळबुळीत थर धरतो ना, तसला हा प्रकार. पिंपात नुसतं पाणी हिसळून थर जातो का? हाताने घासावाच लागतो. इथेही तसंच. तो वेळेवर काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटणाच्या कडेने हिरडी सुजते, रक्त येतं, मग हिरडी दात सोडायला लागते, आतलं हाड झिजतं आणि एक दिवस धडधाकट, न किडलेला दात हातात येतो. त्या काकूंचे हलणारे चारही दात किडलेले नव्हते, हे लक्षात घ्या.

म्हणून रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं म्हणजे घरात धूर दिसला म्हणून डोळे मिटून घेणं. रक्त घासल्यामुळे येत नाही. घाण राहिल्यामुळे हिरडी सुजली आहे म्हणून येतं. हे वाक्य मला आज सगळ्यात जास्त वेळा म्हणायचं आहे, पण दोनदाच म्हणतो.

फटी साफ करायची गरज माणसाला फार जुन्या काळापासून कळलेली आहे. आपल्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, भिक्खूंनी दात घासायची काडी वापरावी अशी अनुज्ञा आहे, आणि न वापरण्याचे पाच तोटे मोजून दिलेले आहेत. तोंडाला वास येतो, जेवणाची चव लागत नाही, असे ते साधे अनुभवाचे तोटे आहेत. पुढची गंमत ऐका. काही भिक्खू लांबच लांब काड्या वापरायला लागले आणि त्यानेच सामणेरांना फटके मारायला लागले. तेव्हा नियम झाला, काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको. मग कोणी अगदी आखूड काडी वापरली, ती घशात गेली. तेव्हा दुसरा नियम झाला, चार अंगुळांपेक्षा आखूड नको. म्हणजे वस्तू वापरून बघितली, अडचण आली, नियम सुधारला. आज आपण दोऱ्याची आणि मशीनची परीक्षा अशीच करू.

दोऱ्याचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात लेव्ही पार्मली नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १८१९ साली पुस्तक लिहून सांगितलं की मेण लावलेला रेशमी दोरा दातांच्या मधून फिरवावा. १८८२ पासून कारखान्यात तयार झालेला दोरा विकायला आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम मिळेना, तेव्हा नायलॉन आलं. चार्ल्स बास नावाच्या डॉक्टरांनी नायलॉनच्या दोऱ्याचा पाठपुरावा केला, कारण रेशमासारखे त्याचे तंतू तुटत नाहीत. आणि पाण्याचं मशीन? ते १९६२ साली अमेरिकेतच, कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावी, गेराल्ड मोयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंग्ली हे इंजिनिअर, या दोघांनी मिळून काढलं. म्हणजे मोबाईलवर 'नवीन तंत्रज्ञान' म्हणून जे दाखवतात ते माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे.

आता दोघांचं काम कसं चालतं ते बघू. सगळा झगडा इथेच मिटतो.

दोरा खरवडतो. पाणी धुतं. ही दोन वेगवेगळी कामं आहेत.

दातांचा दोरा शिवणाच्या दोऱ्यासारखा नसतो. शिवणाच्या दोऱ्याला कडक पीळ असतो, तो गोल आणि घट्ट. तो फटीत ओढला तर हिरडी कापतो, आणि मध्येच त्याचा तंतू तुटून फटीत अडकतो. म्हणून घरातली रीळ घेऊन कृपा करून हा उद्योग करू नका. दातांच्या साध्या नायलॉनच्या दोऱ्यात बारीक तंतू पुष्कळ आणि पीळ अगदी कमी. दाताला टेकला की तो पसरतो, पट्टीसारखा होतो, आणि जास्त जागा पुसतो. मेण लावलेला असेल तर घट्ट फटीतून सरकायला सोपा. एक तिसरा प्रकार गुळगुळीत पट्टीचा असतो, तो उसवत नाही, पण महाग पडतो. ज्यांच्या दातांत दाटी आहे त्यांनी मेणाचा घ्यावा. बाकी पुदिन्याचा वास वगैरे तुमच्या हौसेवर.

वापरायची रीत मात्र नीट शिकायला पाहिजे. साधारण दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर दोरा घ्यायचा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये बोटभर अंतर ठेवायचं. फटीत घालताना करवतीसारखा हळू मागेपुढे करत उतरवायचा. धाडकन खाली दाबायचा नाही, हिरडीला जखम होते. उतरला की एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या कडेच्या किंचित आत न्यायचा, आणि वर-खाली चार-पाच वेळा पुसायचा. मग त्याच फटीत शेजारच्या दाताला मिठी. पुष्कळ लोक नुसता दोरा आत घालतात आणि बाहेर काढतात, अन्नाचा कण निघाला की झालं म्हणतात. कण निघाला, पापुद्रा तिथेच राहिला. पुढच्या फटीला दोऱ्याचा कोरा भाग घ्यायचा. नाहीतर एका घरचा केर दुसऱ्या घरी.

मशीनच्या धारेचं तसं नाही. धार एकसारखी नसते, धडधड असते. मिनिटाला हजारावर ठोके. तिने अन्नाचे कण उडतात, सैल पापुद्रा निघतो, आणि हिरडी सुजून दातापासून सुटली असेल तर त्या खोबणीत पाणी शिरतं. तिथे दोरा खोलवर पोचत नाही. पण दोन दात एकमेकांना जिथे घट्ट टेकलेले आहेत, त्या टेकलेल्या जागी धार दोऱ्यासारखी घासून जात नाही. कीटण तर दोघांनीही निघत नाही. ते दगड झालेलं असतं, डॉक्टरच्या हत्याराशिवाय सुटत नाही.

मशीनचीही रीत आहे. कोमट पाणी, तेही पिण्यायोग्य. वाकून मोरीत किंवा बेसिनवर तोंड करायचं, टोक आधी तोंडात घालायचं, ओठ अर्धवट मिटायचे आणि मग बटण. उलट केलं की भिंत, आरसा आणि शेजारी उभा असलेला नातू, सगळे भिजतात. टोक दाताला आडवं, हिरडीच्या रेषेवर धरायचं. मागच्या दाढेपासून सुरू करून रेषेरेषेने पुढे यायचं, प्रत्येक फटीवर क्षणभर थांबायचं. जोर सर्वात कमी ठेवून सुरुवात. पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावून "हिरड्या फाटल्या" म्हणणारे वीर मी पाहिले आहेत. काम झालं की टाकीतलं पाणी ओतून द्यायचं, टाकी वाळवायची. आपल्याकडे पाणी ठराविक वेळी येतं, भरून ठेवावं लागतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. टाकीत दोन दिवसांचं शिळं पाणी ठेवलं तर साफ करायच्या नावाखाली आपण जंतूच तोंडात सोडणार.

मग वरचढ कोण? इथे जाहिरातीपासून सावध राहायला पाहिजे. मशीनच्या जाहिरातीत लिहितात की ९९.९ टक्के घाण तीन सेकंदांत जाते. मी शोधून वाचलं. तो प्रयोग तोंडातल्या दातांवर नाही, काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत केलेला आहे, आणि तोही जेवढ्या ठिकाणी धार मारली तेवढ्याच जागेपुरता. तोंडात ओठ आहेत, जीभ आहे, गाल आहे, कंटाळा आहे. शिवाय मशीन दोऱ्यापेक्षा सरस ठरवणारे बरेच अभ्यास मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशाने झालेले आहेत. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत, पण मालकाच्या बाजूने साक्ष देणारा मालकाचाच माणूस असेल तर आम्ही युनियनवाले दोन प्रश्न जास्त विचारतो.

आणि दोऱ्याच्या बाजूने तरी फार भक्कम पुरावा आहे का? तसंही नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातमी दिली की दोऱ्याचा फायदा दाखवणारा पुरावा कच्चा आहे. झालं, जगभर बोभाटा झाला की दोरा वापरणं फुकट आहे. पण कच्चा पुरावा म्हणजे उपयोग नाही असं सिद्ध झालं, असा त्याचा अर्थ होत नाही. अभ्यास लहान होते, थोड्या दिवसांचे होते. २०१९ साली कोक्रेन या संस्थेने ३५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की ब्रशच्या जोडीला दोरा किंवा फटीचा बारीक ब्रश वापरला तर हिरडीची सूज नुसत्या ब्रशपेक्षा कमी होऊ शकते. पाण्याच्या मशीननेही महिन्याभरात सूज कमी झालेली दिसली, पण पापुद्रा कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. आणि हे सगळं फार खात्रीचं नाही, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. दुसरीकडे अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने २०१७ साली एका पाण्याच्या मशीनला आपली मान्यतेची मोहोर दिली. म्हणजे मशीन खेळणं आहे असं म्हणणारेही चुकतात.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. दोऱ्याने कीड थांबते का याचे जुने प्रयोग २००६ साली एकत्र तपासले गेले. शाळकरी मुलांच्या दातांत शाळेच्या दिवशी रोज शिकलेल्या माणसाने दोरा फिरवला, पावणेदोन वर्षांच्या आसपास. तिथे दातांच्या मधली कीड ४० टक्क्यांनी कमी झाली. आणि जिथे मुलांच्याच हातात दोरा दिला, तिथे काहीच फरक पडला नाही. दोरा तोच, दातही तसलेच. फरक हाताचा. गिरणीत आम्हाला हे कोणी सांगावं लागत नाही. तीच फ्रेम, तोच कापूस, पण एका पाळीचं सूत एकसारखं निघतं आणि दुसऱ्या पाळीत गाठीच गाठी.

म्हणून दोरा की मशीन असं मोघम विचारू नका. माझ्या तोंडात काय आहे आणि माझ्या हाताला काय जमतं, असं विचारा.

दात एकमेकांना टेकलेले, हिरड्या बऱ्या, बोटं चालतात, तर दोरा पुरे. आपल्या बहुतेक तरुण मुलामुलींचं तोंड असं आहे. त्यांना मशीनची गरज नाही, फक्त आळस आहे. ज्यांच्या दातांना तारा लावल्या आहेत त्यांना प्रत्येक तारेखालून दोरा ओवत बसावं लागतं, अर्धा तास जातो, मग चार दिवसांत सुटतो. त्यांना मशीन खरोखर उपयोगी. ज्यांनी दोन दातांच्या आधारावर तिसरा दात बसवला आहे, म्हणजे ब्रिज केला आहे, त्यांच्या खोट्या दाताखाली अन्न अडकतं, तिथे धार चांगली पोचते. ज्यांची बोटं आखडली आहेत, हात थरथरतो, अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे, त्यांना मिठी मारायला सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्यांना मशीन, किंवा घरातल्या माणसाने धरून करून द्यावं. साखरेचा आजार असलेल्यांनी फटींकडे जास्तच लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आवरत नाही, असं दोन्ही बाजूंनी आहे. हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर दोरा असो की मशीन, सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा.

आणि माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले, ज्यांच्या हिरड्या मागे सरून फटी मोठ्या झाल्या आहेत, त्यांच्यासाठी तिसरीच वस्तू आहे. बाटली धुवायचा ब्रश असतो ना, तसला काडीएवढा छोटा ब्रश. फटीत घालून मागेपुढे करायचा, धुऊन ठेवायचा, केस झिजले की टाकायचा. मोठ्या फटीत दोरा नुसता तरंगतो, हा ब्रश मात्र भरून घासतो. फटीच्या मापाचा घ्यावा लागतो, कोंबायचा नाही. मशीन आणि दोऱ्याच्या भांडणात या गरिबाचं नाव कोणी घेत नाही, कारण त्याची जाहिरात नाही.

पैशाचा हिशोब मी कागदावर मांडला. तो थोडा वेगळा निघाला. पन्नास मीटरची दोऱ्याची डबी दीडशे रुपयांना धरा. रोज ४५ सेंटीमीटर म्हटलं तर एका माणसाला ती १११ दिवस पुरते. वर्षाचे झाले पाचशे रुपयांच्या आत. स्वस्त आहे. पण घरात पाच माणसं असली, पाचही जण रोज वापरतात म्हटलं, तर डबी २२ दिवसांत संपते आणि वर्षाला अडीच हजारांच्या घरात खर्च जातो. तेवढ्यात हातात धरायचं साधं मशीन येतं. त्याला प्रत्येकाचं वेगळं टोक लागतं, ते काही महिन्यांनी बदलावं लागतं, चार्जिंग बिघडलं की दुरुस्त करणारा सापडत नाही, हे सगळं धरलं तरी मशीन म्हणजे केवळ श्रीमंताची चैन असं म्हणता येत नाही. त्या मुलाने पहिल्या पगारात आईसाठी आणलं, त्याने काही पाप केलं नाही. त्याच्या आईच्या दाढेला ब्रिज आहे आणि बोटं संधिवाताने वाकलेली आहेत. तिला मशीनच बरं. आणि शेजारच्या भाऊंना दोरा बरा. दोघेही इथे बसले आहेत, उद्यापासून गल्लीत शांतता राहील अशी आशा आहे.

आता आपल्या घरातली हत्यारं. खराट्याची काडी, आगपेटीची काडी, आणि बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन! जेवण झालं की पिन काढली आणि दात कोरले. माता-भगिनींनो, ती पिन साडीला राहू द्या. टोकाने हिरडी फुटते, गंज आत जातो, आणि पापुद्रा जागच्या जागी. मशेरीबद्दलही बोलतो, राग आला तरी चालेल. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात साफ करत नाही, तलफ भागवते. तिने तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असेल, तर दोरा नको, मशीन नको, सरळ डॉक्टर. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना एक इशारा. तुमच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण तंबाखूने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे आतून हाड झिजत असतं आणि बाहेर सगळं ठीक दिसतं. "मला कधी रक्त येत नाही" असं बिडी ओढणाऱ्याने अभिमानाने सांगू नये.

ज्यांना रक्त येतं त्यांना दुसऱ्यांदा सांगतो, ते घासल्यामुळे नाही, न घासल्यामुळे येतं. दोरा किंवा धार सुरू केल्यावर पहिले काही दिवस थोडं रक्त येईल. रोज नीट केलं तर आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांचं थांबतं. नाही थांबलं, पू येत असेल, दात हलत असेल, तर घरचे उपाय पुरे करा आणि दाखवायला जा. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात कीटण काढून मिळतं. सकाळी लवकर जावं लागतं, रांग असते. कीटण काढलं की दात सैल होतात असं आपल्याकडे म्हणतात. सैल आधीच झालेले असतात. कीटणाने लिंपून धरलेले असतात, ते निघालं की कळतं एवढंच.

शिबिरानंतर एका भगिनीने मला विचारलं होतं, "भाऊ, दोरा त्या एकाच फटीत दरवेळी अडकतो आणि तुटतो. दोरा हलका आहे का?" रिंग फ्रेमवर एकाच स्पिंडलवर पुन्हा पुन्हा धागा तुटायला लागला तर आम्ही सुताला शिव्या देत नाही. तो स्पिंडल बघतो. तसं त्या फटीत काहीतरी आहे. कीटणाची कड असेल, भरलेल्या दाताचा तुकडा उडाला असेल, नाहीतर कीड लागली असेल. मी त्यांना दाखवून यायला सांगितलं. दोन दाढांच्या मध्ये कीड निघाली, अजून नसेपर्यंत गेलेली नव्हती. भरून मिळाली, दाढ वाचली. मशीनच्या धारेने ही गोष्ट कळली नसती. दोऱ्याचा हा एक गुण मशीनला नाही, तो बातमी आणतो.

लहान मुलांचं राहिलं. मुलांचे दोन दात एकमेकांना टेकायला लागले की आई-बापांनी स्वतः दोरा फिरवून द्यायचा. सात-आठ वर्षांपर्यंत तरी मुलाच्या हाताला हे जमत नाही. त्यांच्यासाठी धनुष्यासारखी प्लास्टिकची दांडी मिळते, तिला दोरा ताणलेला असतो, ती सोयीची. दिवसातून एकदाच पुरे, पण रात्री झोपण्याआधी. ब्रशच्या आधी की नंतर, यावर डॉक्टर वाद घालतात, आपण घालू नये.

समितीच्या परवानगीने येत्या चार रविवारी वंदना झाल्यावर मी मागच्या खोलीत दोऱ्याची डबी घेऊन बसणार आहे. ज्यांना मिठीची रीत शिकायची आहे त्यांनी घरून छोटा आरसा आणावा आणि हात धुऊन यावं. दोरा माझ्यातर्फे. त्या मुलाने मशीन दाखवायला आणायचं कबूल केलं आहे, पण टोक ज्याचं त्याने आणायचं, एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही. त्या काकू पण येणार आहेत. त्यांचं कीटण काढून झालं. चारपैकी तीन दात ठेवता येतील असं डॉक्टर म्हणाले आहेत.